वांझ फुलांचा हंगाम

फेब्रुवारी लागला की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत फुलांचा वास शिरतो. एरवी तिथं स्पिरिटचा आणि जुन्या लाकडी कपाटांचा वास असतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकापुढे एक फूल ठेवायचं, त्यानं ते ब्लेडनं उभं चिरायचं, भाग ओळखायचे आणि आकृती काढायची, एवढंच ते काम. बाकीचे शिक्षक जास्वंद आणतात. दौंडात कुणाच्याही कंपाउंडवरून ती रस्त्यावर लोंबत असते आणि तिच्यात पुंकेसर, स्त्रीकेसर सगळं एका जागी सापडतं. मी मात्र डांगराची फुलं आणवते. डांगर म्हणजे तांबडा भोपळा. माझा भाऊ नदीपलीकडून, वडगाव रासाईहून, सकाळी मोटारसायकलला डबा अडकवून फुलं घेऊन येतो आणि दर वर्षी न चुकता म्हणतो, "तायडे, एवढं मोठं दौंड, हितं काय फुलं मिळत न्हाईत व्हय?"

यंदा एका मुलीनं ट्रे माझ्याकडे परत सरकवला. "मॅडम, मला वांझ फूल आलंय. बदलून द्या ना."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. शेतकऱ्याच्या घरातली पोर. भोपळ्याच्या ज्या फुलामागे फळ नसतं त्याला आमच्या सगळ्या पट्ट्यात वांझच म्हणतात. मी म्हटलं, "ते वांझ नाही, नर आहे. तसंच लिही." आवाज बहुतेक फारच चढला असावा, कारण बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. मुलीनं मान खाली घातली आणि ब्लेड उचललं. नंतर मला वाईट वाटलं. त्या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, ते तिला कसं ठाऊक असणार?

फुलांच्या बाबतीत आम्ही शेतकरी तसे बेफिकीरच. फळ दिसलं की आमचं लक्ष जातं, फुलाकडे कोण बघतो? मक्याचा तुरा वाऱ्यावर हलतो तो नर, आणि खाली कणसाच्या तोंडाशी ज्या मऊ केसांच्या मिशा लावून आम्ही लहानपणी पाटील व्हायचो, ती मादी फुलं. त्यातल्या एकेका केसामागे एकेक दाणा असतो, हे मला फार उशिरा कळलं. पपईचं तर झाडच वेगळं. फुलोरा लोंबायला लागला की 'नर निघाला' म्हणून त्याच्या बुडात कुऱ्हाड घालायची. जास्वंद, वांगं, मिरची ही उभयलिंगी, म्हणजे नवरा-बायको एकाच खोलीत. आम्हाला शाळेत हे शिकवायची वेळ आली तेव्हा सरांनी फळ्यावर 'एकलिंगी' एवढंच लिहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी फळा पुसला आणि म्हणाले, "हा धडा घरी वाचा." तो धडा आमच्यापैकी कुणीच घरी वाचला नाही.

मी तो वाचला बारावीत, आणि वाचायला फार उशीर केला असं अजूनही वाटतं.

त्या वर्षी जीवशास्त्राच्या पेपराआधी मला सहा दिवस सुट्टी होती. मार्च सुरू झालेला. भीमेचं पाणी कमी होऊन खडक उघडे पडलेले, पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी उसाला तोड आलेली. आमचं नदीकाठचं अर्धा एकर डांगर ऐन फुलात होतं. डांगराचं रान सकाळी सहाला बघावं. रात्रभर मिटलेल्या कळ्या उन्हाच्या आधी उघडतात, हिरव्या पानांच्या वर पिवळे पेले येतात, पानांना हात लागला की काटेरी लव टोचते आणि बोटांना एक कच्चा, ओलसर वास येतो. नऊ वाजले की सगळं मिटून जातं. अभ्यासाच्या नावाखाली मी तिथं बांधावर पुस्तक घेऊन बसायची आणि पुस्तक सोडून सगळं बघायची.

डांगरात आबांचं राज्य होतं. आबा म्हणजे माझे आजोबा. वीस वर्षं गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्या साली निवडणुकीत ते पडले. पडले ते पडले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सगळा वेळ, सगळी तडफ आणि सगळा राग डांगरावर आला. त्यांची एक रीत होती: वांझ फुलं वेलाचं बळ खातात, म्हणून ती सकाळी सकाळी खुडून टाकायची. ही रीत त्यांच्या वडलांची. पूर्वी हे काम ते माझ्या वडलांना आणि काकांना सांगायचे, ते दोघं बिडी ओढत चार फुलं तोडून घरी यायचे आणि डांगर भरभरून लागायचं. आता आबा स्वतः उजाडायच्या आत धोतर खोचून रानात उतरायचे आणि सरीन् सरी चाळून काढायचे. एक फूल म्हणून मागे राहत नसे. टोपलंभर फुलं घरी यायची.

ती निवडायचं काम इंदूकाकीचं. काकांची बायको, माहेर निमोण्याचं. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नव्हतं. मला ती सगळ्या घरात जवळची. माझी वेणी तिनं घातली की दिवसभर सुटायची नाही, आणि मी एस.टी.ला उशिरा निघाले तर भाकरीचा घास करून माझ्या तोंडात कोंबत ती रस्त्यापर्यंत यायची. चुलीपुढे बसून ती फुलांचे देठ सोलायची, आतला दांडा काढून टाकायची आणि बेसनात बुडवून भजी तळायची. एकदा शेजारची बाई ओट्यावरून म्हणाली, "लईच फुलं आली की गं." काकी हसून म्हणाली, "समदी माझ्या जातीची हायत." शेजारीण हसली. माझी आई हसली नाही, तिनं उगाचच तव्यावरची भाकरी उलटली. मीही हसले होते. मला ते तेव्हा फक्त गमतीचं वाटलं, याची लाज अजून वाटते.

मग डांगर धरेना. मादी फुलामागे लिंबाएवढं हिरवं फळ असतंच, फूल उमलायच्या आधीपासून. ते वाढायचं सोडून पिवळं पडायचं, मऊ व्हायचं आणि हात लावला की देठातून निखळायचं. रोज वीस-पंचवीस गळलेली. आबांनी शेणखत पाहिलं, पाणी पाहिलं, फवारणी केली. मग एका दुपारी ओट्यावर पानाची चंची उघडत ते शांतपणे म्हणाले, "इंदूनं काय दिवस डांगरात जाऊ ने."

एवढंच. आबा वाईट माणूस नव्हते. आवाज चढवला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. पण घरात सगळ्यांना कळलं. वांझेचा हात लागला की वेल धरत नाही, असं मानणारे लोक होते, आजही आहेत. काकीनं पदर सारखा केला आणि हंडा घेऊन नळावर गेली. काका म्हशीला पाणी पाजत होते, ते पाजतच राहिले. संध्याकाळी आबा वडलांशी बोलताना मी ऐकलं: पाडवा झाला की इंदूला निमोण्याला पोचवायची आणि धाकट्यासाठी दुसरी बघायची. सात वर्षं पुष्कळ झाली.

त्या रात्री मला अभ्यास सुचला नाही. सकाळी पुस्तक घेऊन मी बांधावर गेले आणि तो धडा उघडला. आकृतीत दोन फुलं शेजारी-शेजारी होती. एकाखाली फळाची गाठ, दुसऱ्याचा देठ सडसडीत. दुसऱ्याखाली छापलं होतं, नर फूल. मी पुस्तक मिटलं, परत उघडलं. समोर आबा सरीतून वाकून चालत होते आणि एकेक नर फूल खुडून टोपल्यात टाकत होते. त्या साली आजूबाजूला डांगर कुणाचंच नव्हतं, म्हणजे मधमाशीनं परागकण आणायचे तरी कुठून? एवढं साधं, की मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

"आबा, ती फुलं तोडू नका."

"का?"

"ती वांझ नाहीत. ती नर आहेत. त्यांची पूड मादी फुलात पडली तरच फळ धरतं. तुम्ही सगळे नर खुडताय."

आबा उभे राहिले. कंबरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या बानं बी हीच फुलं खुडली. तवा धरत व्हतं की."

"तेव्हा तुम्ही वडलांना आणि काकांना सांगत होता, आणि ते निम्मी ठेवत होते."

हे मी बोलायला नको होतं, कारण त्यात काकांची आणि वडलांची चोरी उघडी पडली. पण आबा रागावले नाहीत. त्यांनी टोपल्याकडे बघितलं, मग रानाकडे. पराभूत चेअरमनला नातीनं शिकवावं हे त्यांना जड गेलं असणार. शेवटी म्हणाले, "नदीकडच्या दोन सऱ्या तुझ्या. तिथं मी हात लावत न्हाई. बघू तुझं पुस्तक काय करतंय."

दोन सऱ्यांत शंभर-सव्वाशे वेल. मधमाश्यांच्या भरवशावर राहायला वेळ नव्हता. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलात हलक्या हातानं फिरवायचा. आठच्या आत सगळं संपवायचं. एकटीला होणारं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी काकीला उठवलं. ती म्हणाली, "मला जायचं न्हाई तिथं." मी म्हटलं, "त्या दोन सऱ्या माझ्या आहेत. आबांनी दिल्यात." तिनं चपला घातल्या.

त्या चार-पाच सकाळी मला आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर सकाळी वाटतात. पाण्यावर धुकं, गुडघ्यापर्यंत ओली पानं, काकीच्या बांगड्यांचा आवाज. तिचा हात माझ्यापेक्षा फार चांगला. मी पाकळ्या फाडायची, ती त्या नुसत्या उलट्या करायची. ती दर फुलापाशी अर्धा क्षण थांबायची. मी बारावीची विद्यार्थिनी, मला सगळं येत होतं, म्हणून मी अखंड बोलत होते. गळलेलं एक फळ उचलून मी तिला सांगितलं, "हे बघ, या फुलात काहीच खोट नव्हती. सगळं होतं त्याच्यात. पराग पोचलेच नाहीत, त्याला ते तरी काय करणार? दोष फुलाचा नाही." मग मनाचा हिय्या करून म्हणाले, "काकी, माणसांचंही असंच असतं. डॉक्टरकडे दोघांनी जायला पाहिजे."

काकी वाकलेली होती. तशीच वाकून राहून म्हणाली, "गेलो व्हतो."

मी हातातलं गळलेलं फळ खाली ठेवलं.

"शिरूरला. दोन वर्सं झाली. दोघांची तपासणी झाली. माझ्यात काय न्हाई." तिनं पुढचं फूल हातात घेतलं. "तुझ्या काकांनी तवापासून आरशात बघायचं सोडलंय. तू कुणाला बोलायचं न्हाई, सुले. घे माझी शपथ."

"पण आबा तुला निमोण्याला पोचवणार आहेत."

"ठावं हाय."

मी शपथ घेतली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात पुस्तकातलं सत्य असतं तेव्हा तिला वाटतं, ते बोललं की झालं. मला पहिल्यांदाच कळलं की सत्य कधी कधी दुसऱ्याच्या घरचं असतं, आणि त्याच्या दाराशी आपल्याला गप्प उभं राहावं लागतं. पेपरला मला नर आणि मादी फुलावर प्रश्न आला. मी तो सगळ्यात आधी सोडवला आणि उरलेला वेळ पंख्याकडे बघत बसले.

पेपर देऊन घरी आले तेव्हा आमच्या दोन सऱ्यांतली फळं मुठीएवढी झाली होती. घट्ट, चकचकीत, एकही पिवळं नाही. आबा बांधावर उकिडवे बसले होते. त्यांनी एक फळ तळहातावर तोललं आणि खाली ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी उरलेल्या सऱ्यांतलंही खुडणं बंद केलं. मला शाबासकी वगैरे दिली नाही, फक्त घरी येताना म्हणाले, "पुस्तक बरं हाय तुझं." मला वाटलं, आता सुटलो आपण. इंदूकाकीच्या हातानं डांगर धरलं, आबांनी डोळ्यांनी बघितलं, आणखी काय पाहिजे?

पण पाडव्याच्या दुपारी, जेवताना, आबांनी विषय काढलाच. "परवा चांगला दिस हाय. इंदूला पोचवून या."

पंगतीत आबा, वडील आणि काका. मी दाराशी. काकी वाढत होती. मी म्हटलं, "आबा, डांगर तर तिच्याच हातानं..." आबा म्हणाले, "डांगराचं येगळं, पोरी. माणसाचं येगळं." मी पुढचं बोलणार होते, सगळं बोलणार होते. काकीनं माझ्याकडे बघून इतकी बारीक मान हलवली की दुसऱ्या कुणाला दिसलीसुद्धा नसेल. मी ओठ मिटले. आईनं पुरणाचं पातेलं उगाच पुसलं. काकीच्या हातात पोळी होती, ती काकांच्या ताटाशी थांबली होती.

काकांनी ताटातून हात काढला नाही. खाली बघूनच बोलले. "आबा, तपासणी झाली हाय. खोट माझ्यात हाय, तिच्यात न्हाई. पोचवायचं तर मला पोचवा कुठं पोचवायचं ते."

बाहेर गुढीचा तांब्या वाऱ्यानं काठीवर वाजत होता. आबांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त त्यांचा हात दिसत होता, वरणात थांबलेला. मग ते काकीला म्हणाले, "त्याला पोळी वाढ."

निमोण्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. पण हेही खरं, की ती गोष्ट त्या भिंतींच्या बाहेरही गेली नाही. काकांची अब्रू घरानं झाकली. गावाला काकी वांझच राहिली. संक्रांतीला बायका तिला हळदीकुंकू लावायच्या, पण नव्या सुनेची ओटी भरायची म्हटलं की तिला बाजूला बसवायच्या. मला याचा फार संताप यायचा, अजूनही येतो. आता काका नाहीत, त्यांना जाऊन काही वर्षं झाली. आबा त्यांच्याही बरेच आधी गेले. काकी वडगावलाच असते, माझ्या भावाच्या घरात, आणि भावाची मुलं तिच्याशिवाय जेवत नाहीत. गेल्या महिन्यात गुडघ्याला तेल लावून देताना मी तिला सरळ विचारलं.

"त्या दिवशी काका बोलले नसते तर तू सांगितलं असतंस?"

"न्हाई."

"गेली असतीस निमोण्याला?"

"व्हय."

"का पण?"

तिनं पाय थोडा सरकवला. "कुणाला तरी सोसायचंच व्हतं. त्यांना सोसलं नसतं." मला हे पटलेलं नाही. मी तिला तसं म्हटलं, आणि ती म्हणाली, "तुला पटून काय करायचंय? हिकडं चोळ, हिकडं दुखतंय." मी चोळत राहिले.

त्या हंगामाची आठवण निघाली की मला आबांचं आणखी एक आठवतं, आणि ते त्या मार्चमधलं नाही. माझ्या लग्नाचं आहे, सहा वर्षांनंतरचं. आबा तेव्हा पार थकलेले, काठीशिवाय उठत नसत. अंगणात मांडव घातला होता, मला पाटावर बसवलं होतं आणि आत्या हळदीची वाटी घेऊन पुढे आली होती. पहिली हळद लेकुरवाळीनं लावायची, ही आमच्याकडची रीत. आत्याला चार मुलं. भावकीतल्या सगळ्या बायका भोवती गोळा झाल्या होत्या. काकी आत चुलीपाशी होती. अशा वेळी ती आपणहून आतच राहायची, कुणाला सांगावं लागायचं नाही.

आबा खुर्चीतून म्हणाले, "थांब. पयली हळद इंदू लावंल."

आत्या थबकली. "आबा, पयल्या हाताला लेकुरवाळी लागती."

"काय लागतं ते मला ठावं हाय. इंदूला बोलवा."

बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी होतं असं. आई आत गेली आणि काकीला दंडाला धरून घेऊन आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं, ते तिनं पदराला पुसलं. ती माझ्यापुढे वाकली, पण वाटीत बोटं घालायचा तिला धीर होईना. ती सारखी मागे, बायकांकडे बघत होती. मी तिचा हात धरून वाटीत घातला. आबा काठी टेकत उठले, दोन पावलं पुढे आले आणि त्या बायकांच्या आणि आमच्या मधे मांडवाचा खांब धरून उभे राहिले. काकीनं माझ्या कपाळाला, गालांना, हातांना, पायांना हळद लावली, हळूहळू, एकही जागा न सोडता. तिची पुरी लावून होईपर्यंत आबा खाली बसले नाहीत.